.२२, .३२, ९ मिमी, .४५ : कॅलिबरची ख्याती आणि आपला अनुभव

अंबडचा_फिटर
शुक्रवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी,

इथे वाचक म्हणून जुना आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत टूलरूमला कामाला आहे. तीन वर्षं १० मीटर एअर पिस्तूल केलं, गेलं सव्वा वर्ष २५ मीटरवर .२२ (हे कॅलिबर, म्हणजे नळीचा व्यास इंचात) खेळतोय. मागच्या रविवारी कोचसर म्हणाले, "आता सेंटर फायर करून बघ." सेंटर फायर म्हणजे ज्यात पिन काडतुसाच्या बुडाच्या मध्यावर ठोकते तो प्रकार, आपल्याकडे .३२.

तेव्हापासून रेंजबाहेरच्या टपरीवर रोज एकच विषय. एक जण म्हणतो .३२ म्हणजे लवंगी, त्यात वेळ घालवू नकोस. दुसऱ्याच्या मते ९ मिमी हेच खरं पिस्तूल, बाकी सगळी खेळणी. तिसऱ्याने आयुष्यात .४५ हातात धरलेलं नाही, पण त्याच्याइतक्या खात्रीने .४५ बद्दल कोणीच बोलत नाही. आणि .२२ चं नाव काढलं की सगळे हसतात, जे स्वतः .२२ च खेळतात तेसुद्धा.

मला मनापासून समजून घ्यायचंय. ही जी ज्याच्या त्याच्या नावावर चिकटलेली ख्याती आहे ती कुठून आली, आणि तिच्यातलं किती खरं? शिवाय माझा साधा प्रश्न: .२२ वर हात बसत असताना .३२ ला जावं का? ज्यांनी दोन्ही चालवलंय त्यांनी जरूर लिहा. परवान्याचा सल्ला नकोय, क्लबचं पिस्तूल आहे आणि सर शेजारी उभे असतात.

---

स्नेहल_२५मी
शुक्रवार, रात्री १०:४०

.२२ ला हसणाऱ्यांना एवढंच विचारा, राही सरनोबतने २०१८ ला पालेमबांगला आशियाई सुवर्ण कशाने घेतलं? २५ मीटर पिस्तूल, .२२. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. लंडनला २०१२ मध्ये विजय कुमारचं रौप्य रॅपिड फायरमध्ये, तेही .२२. आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफलचं कांस्य घेतलं, तीही ५.६ मिमी, म्हणजे पुन्हा .२२ च.

मी बारा वर्षं .२२ खेळतेय. २५ मीटरच्या प्रिसिजन टार्गेटवर दहाचं वर्तुळ ५० मिमीचं असतं. हात लांब करून, एकाच हाताने, त्यात गोळी घालायची. ते करताना गोळी २.६ ग्रॅमची आहे की १५ ग्रॅमची, याने कागदाला फरक पडत नाही. कागदाला स्टॉपिंग पॉवर, म्हणजे समोरच्याला थांबवायची ताकद, लागत नाही :)

.२२ ची खरी अडचण वेगळीच आहे, तिच्याबद्दल टपरीवर कोणी बोलत नाही. हे रिमफायर काडतूस. पेटवणारं मिश्रण बुडाच्या कडेत फिरवून बसवलेलं असतं. कुठे कमी बसलं आणि नेमका तिथेच पिनचा ठोका पडला, की गोळी सुटत नाही. म्हणून लॉट, म्हणजे एका वेळी बनलेला काडतुसांचा साठा, महत्त्वाचा. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या दोन लॉटमध्ये माझा ग्रुप (भोकांचा पसारा) दीडपट झालेला मी पाहिलाय. एका राज्यस्तरीय स्पर्धेच्या आदल्या दिवशी माझा ठरलेला लॉट संपला. ऐन वेळी मिळाला तो घेतला, आणि रॅपिडच्या दुसऱ्या मालिकेत (पाच गोळ्यांची एक मालिका) दोन गोळ्या सुटल्याच नाहीत. त्या दिवसापासून पूर्ण मोसमाचा लॉट आधी तपासून, एकदम घेऊन ठेवते.

---

रांगडा_पंचवटीकर
शुक्रवार, रात्री ११:०५

सगळं मान्य ताई, पण कागद वेगळा आणि खरं काम वेगळं. .४५ ची गोळी लागली की माणूस चार फूट मागे उडतो. अमेरिकेच्या लष्कराने सत्तर-पंचाहत्तर वर्षं उगाच नाही ठेवली ती.

---

मास्तर_भौतिक
शनिवार, सकाळी ७:२०

पंचवटीकर, उडत नाही. अकरावीच्या पोरांना मी हेच उदाहरण देतो, म्हणून आकडे तयार आहेत.

.४५ ची नेहमीची गोळी २३० ग्रेनची, म्हणजे १४.९ ग्रॅम. नळीतून साधारण २६० मीटर प्रति सेकंद वेगाने बाहेर पडते. वस्तुमान गुणिले वेग, संवेग आला ३.९ च्या आसपास. आता क्रिकेटचा चेंडू घ्या, १६० ग्रॅमचा. तेवढाच संवेग यायला तो ताशी ८७ किलोमीटरने आला पाहिजे. म्हणजे फिरकी गोलंदाजाचा चेंडू. तो छातीवर बसला तर तुम्ही कळवळाल, पण चार फूट मागे जाणार नाही. आणि न्यूटनचा तिसरा नियम आहेच. गोळीत माणूस उडवण्याइतका संवेग असता तर पिस्तूल धरणारा आधी उडाला असता.

९ मिमीची १२४ ग्रेनची गोळी म्हणजे ८ ग्रॅम, वेग साधारण ३६०. संवेग २.९. पण ऊर्जा काढली तर दोघी जवळजवळ बरोबरीत येतात, ५०० ज्यूलच्या आगेमागे. एक जड आणि संथ, दुसरी हलकी आणि वेगवान. .४५ ध्वनीच्या वेगाच्या आत राहते, ९ मिमी सहसा त्याच्या वर जाते. म्हणून ९ मिमीचा आवाज चाबकासारखा आणि .४५ चा ढोलासारखा, असं चालवणारे सांगतात.

आता फिटरदादांच्या कामाची गोष्ट. .२२ ची ऊर्जा १४० ज्यूलच्या आसपास. आणि सेंटर फायरला वापरतात त्या .३२ लाँग वॉडकटरची (सपाट तोंडाच्या गोळीची)? ती पण दीडशेच्या आतच. गोळी जड (९८ ते १०० ग्रेन), पण वेग जेमतेम २१५. म्हणजे ज्याला पुढची पायरी म्हणतात ती ऊर्जेच्या हिशेबात पायरी नाहीच. संवेग मात्र दीडपटीहून जास्त आहे, हाताला जाणवेल तो तोच.

---

रांगडा_पंचवटीकर
शनिवार, सकाळी ७:५१

चेंडूचं उदाहरण पटलं सर. 'उडतो' मागे घेतो. पण मग .४५ चं एवढं नाव झालं कशामुळे?

---

बखरवाचक
शनिवार, सकाळी ९:३०

नाव झालं ते फिलिपिन्समुळे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेचं सैन्य तिथे मोरो योद्ध्यांशी लढत होतं. हातात .३८ लाँग कोल्ट रिव्हॉल्वर. गोळ्या लागूनही समोरचा थांबत नाही अशा तक्रारी आल्या, आणि अडगळीतली जुनी .४५ रिव्हॉल्वरं पुन्हा बाहेर काढली गेली. मग १९०४ मध्ये थॉम्पसन आणि लागार्ड या दोन अधिकाऱ्यांनी शिकागोच्या कत्तलखान्यातल्या जनावरांवर, तसंच मृतदेहांवर चाचण्या केल्या आणि सांगितलं की लष्करी पिस्तुलाचं कॅलिबर .४५ पेक्षा कमी नसावं. मोजमाप आजच्या मानाने फार ढोबळ होतं. पण निष्कर्ष टिकला. जॉन ब्राउनिंगने काडतूस घडवलं, १९११ मध्ये पिस्तूल स्वीकारलं गेलं, ते १९८५ पर्यंत चाललं. दोन महायुद्धं ज्याने पाहिली त्याची दंतकथा होणारच.

९ मिमीची जन्मकथा त्याच काळातली. जर्मनीत गेऑर्ग लुगरने ते काढलं, १९०४ ला जर्मन नौदलाने घेतलं, १९०८ ला लष्कराने. 'पॅराबेलम' हे नाव एका लॅटिन वचनातून आलंय: शांतता हवी असेल तर युद्धाची तयारी ठेव.

यानंतरचा अध्याय मला सगळ्यात बोलका वाटतो. ११ एप्रिल १९८६, मायामी. एफबीआयची दोन सशस्त्र दरोडेखोरांशी चकमक झाली, दोन अधिकारी मारले गेले. एका ९ मिमी गोळीवर ठपका आला की ती पुरेशी खोल गेली नाही. त्यातून एफबीआयने १० मिमी घेतलं. ते अनेकांना झेपेना, म्हणून त्याचं काडतूस आखूड करून १९९० ला .४० आलं. देशभरातल्या पोलिसांनी ते उचललं. आणि पंचवीसेक वर्षांनी एफबीआय परत ९ मिमीवर आली! कारणं साधी: गोळ्यांची रचना सुधारली होती, ९ मिमीचा धक्का कमी, त्यामुळे नेम लवकर परत येतो, आणि मॅगझिनमध्ये गोळ्या जास्त मावतात.

एका वाईट दिवसाने एका कॅलिबरचं नाव खराब केलं आणि दुसऱ्याचं केलं. टपरीवरची मतं तिथूनच, इंटरनेटमार्गे, जुनी होऊन आपल्याकडे पोचतात.

---

गेजब्लॉक
शनिवार, सकाळी १०:१५

बखरवाचक, सुंदर प्रतिसाद. फिटरदादा टूलरूमचे आहेत म्हणून मापाचं लिहितो. या नावांवर व्हर्नियर लावलात तर झोप उडेल.

.३८ स्पेशलची गोळी .३८ नाहीच, .३५७ इंच आहे. जुन्या पद्धतीत गोळी बाहेरून काडतुसाच्या नळकांड्याइतकीच जाड असायची. पुढे गोळी नळकांड्याच्या आत गेली, व्यास कमी झाला, नाव जुनंच राहिलं. .३५७ मॅग्नम ते खरं माप सांगतं. ९ मिमी म्हणजे .३५५ इंच, .३८० ऑटो तेही .३५५. म्हणजे ज्या चार नावांवरून लोक तास-तासभर भांडतात त्यांच्या गोळ्यांच्या व्यासात फरक दोन थाऊचा! ०.०५ मिमी. आपल्याकडे ग्राइंडिंगला त्याहून बारीक टॉलरन्स देतात. .४४ मॅग्नम प्रत्यक्षात .४२९. आणि आपली .३२ साधारण .३१२.

गोळीचा व्यास तोच, पण मागे दारू किती, नळकांडं केवढं, दाब किती, यावर सगळा खेळ. नुसतं 'कॅलिबर' म्हणून काही कळत नाही.

---

तोफची_देवळाली
शनिवार, दुपारी १:०५

कॅलिबरवर चर्चा आणि देवळालीवाल्यांना आमंत्रण नाही, हे काही बरोबर नाही :)

आमच्याकडे या शब्दाचे दोन अर्थ. एक, नळीचा व्यास: १५५ मिमी. दुसरा, नळीची लांबी व्यासाच्या किती पट. बोफोर्स १५५/३९, म्हणजे नळी व्यासाच्या ३९ पट लांब. नव्या तोफा १५५/५२. ५२ ने गुणून बघा, आठ मीटरच्या वर जाते. स्कूल ऑफ आर्टिलरीत पहिल्याच आठवड्यात हे घोटून घेतात.

पिस्तुलाचं म्हणाल तर नोकरीत ९ मिमी १ए भरपूर चालवलं. इशापूरच्या रायफल फॅक्टरीचं, ब्राउनिंग हायपॉवरच्या घराण्यातलं, १३ गोळ्यांचं मॅगझिन. प्रामाणिक हत्यार आहे. पण रेंजवर मी जे पाहिलं ते सांगतो. पंचवीस मीटरवर ९ मिमीने खराब मारणाऱ्या जवानाला दुसरं काहीही दिलं असतं तरी त्याने खराबच मारलं असतं. दोष चापावरच्या बोटात असायचा.

---

खाकी_स्वप्न
शनिवार, दुपारी २:३०

काकांना दुजोरा. त्र्यंबक रोडला अकादमीत ट्रेनिंग झालंय. ९ मिमीबद्दल आधीच इतकं ऐकवलं होतं की हात दुखतो, मनगट मुरगळतं, मुलींना झेपत नाही. आमच्या बॅचमधल्या निम्म्या मुली ते डोक्यात घेऊनच लाइनवर उभ्या राहिल्या. पहिल्या पाच गोळ्यांत मी डोळे मिटले होते, सगळ्या टार्गेटच्या खाली. उस्तादांनी काय केलं, मॅगझिनमध्ये मधेच एक डमी काडतूस घातलं आणि मला सांगितलं नाही. चाप दाबला, आवाज झाला नाही, पण नळी मात्र गपकन खाली गेली. म्हणजे धक्का पिस्तुलाचा नव्हताच, मीच धक्क्याच्या आधी दचकत होते. ते एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि आठवड्यात सगळ्या गोळ्या काळ्यात यायला लागल्या.

कॅलिबरची ख्याती असं नुकसान करते. चापाला बोट लागायच्या आधीच हाताला लागते ती.

---

सिडकोची_आई
शनिवार, दुपारी ३:१०

वाचतेय. मुलगा सातवीत आहे, एअर पिस्तूल शिकायचं म्हणतो. ते कितीचं असतं? धोक्याचं नाही ना?

---

स्नेहल_२५मी
शनिवार, दुपारी ३:२५

ताई, ४.५ मिमी, .१७७ म्हणतात. दारू नसते, दाबलेल्या हवेवर छर्रा सुटतो, आवाज टाळीएवढा. तरी शस्त्राचे सगळे नियम लागू: नळी कायम टार्गेटच्या दिशेने, चष्मा घालायचा, प्रशिक्षकाशिवाय हात लावायचा नाही. १० मीटरवर दहाचं वर्तुळ फक्त ११.५ मिमीचं असतं. एकाग्रतेला याच्यासारखं काही नाही. जरूर पाठवा. मनू भाकरची पॅरिसची दोन्ही कांस्यपदकं यातलीच आहेत.

---

निफाडकर_द्राक्षवाले
शनिवार, रात्री ९:००

इतक्या जाणत्या लोकांत लिहितोय, पण .३२ चा विषय आहे आणि आमच्या घरात ती १९९८ पासून आहे.

वडिलांनी घेतली. बाग गावापासून लांब, हंगामात रोकड घरात, म्हणून परवाना काढला. कानपूरची .३२ रिव्हॉल्वर, लोखंडी, हातात जड लागते. वडील गेल्यावर रीतसर माझ्या नावावर झाली. पाव्हणे-रावळे विचारतात, ".३२ च का घेतली, ९ मिमी का नाही?" तर बाबांनो, घेता येत नाही. ९ मिमी, .३८, .४५५ हे सगळं प्रतिबंधित बोअर. पोलीस-लष्कराचं कॅलिबर सामान्य माणसाला नाही. परदेशी हत्यारांची खासगी आयात १९८० च्या दशकातच बंद झाली. उरली .३२. म्हणून देशभर जो परवानाधारक भेटेल त्याच्याकडे .३२. तिची निवड कोणी केली नाही, कायद्याने केली. मग तिला हसायचं कशाला?

एक अनुभव सांगतो, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. .३२ नावाची दोन वेगळी काडतुसं आहेत. रिव्हॉल्वरचं लांब, बुडाला कडा असलेलं, २३ मिमीचं नळकांडं. पिस्तुलाचं आखूड, १७ मिमीचं. एका दुकानात मला पिस्तुलाचं काडतूस दिलं, म्हणे "बत्तीस म्हणजे बत्तीसच." मी घरी जुन्या काडतुसाशेजारी उभं करून पाहिलं म्हणून कळलं. परत करायला गेलो तर नोंदवहीत चढलं म्हणून घेईनात. दोन चकरा आणि एक अर्ज. डबीवरचं पूर्ण नाव वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

आणि खरं सांगू का, इतक्या वर्षांत चाळीसएक गोळ्या झाडल्या असतील, त्याही सरावाला. निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा, निकालानंतर परत. आजोबांची बारा बोअरची दुनळीही आहे. २०१९ च्या दुरुस्तीने तीनावरून दोनच हत्यारं ठेवता येतात, म्हणून चुलत्यांची आलेली तिसरी जमा केली. बिबट्या बागेत येतो, पण त्याच्यासाठी आम्ही फटाके आणि बॅटरीच वापरतो. त्याला गोळी घालायचा विचारही करू नये.

---

वरणगावचा_पोरगा
शनिवार, रात्री ९:२०

निफाडकर काका, तुमच्या काडतुसाच्या बुडावर 'केएफ' लिहिलंय का बघा. ते खडकीचं. आमच्या वरणगावलाही काडतुसांचीच फॅक्टरी, वडील तिथूनच निवृत्त झाले. घरी कॅलिबरवर भांडण नसायचं, वडील एवढंच म्हणायचे की हजारातलं एकही काडतूस वेगळं निघता कामा नये.

---

रामकुंड_रोज
शनिवार, रात्री १०:०२

अवांतर: नाशिकमध्ये पिस्तुलाचा विषय निघाला आणि २१ डिसेंबर १९०९ ची आठवण कोणी काढली नाही? विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेऱ्यांनी झाडलेलं पिस्तूल ब्राउनिंगचं होतं. लंडनहून सावरकरांनी पाठवलेल्या वीस ब्राउनिंगपैकी.

---

बखरवाचक
शनिवार, रात्री १०:३०

खरं आहे. वर ज्याचं नाव आलं तोच हा ब्राउनिंग. त्याची खिशात मावणारी स्वयंचलित पिस्तुलं बेल्जियमच्या कारखान्यात १९०० पासून निघत होती आणि .३२ ऑटो हे काडतूस त्याच मालिकेतल्या पहिल्या पिस्तुलासाठी जन्माला आलं. त्या काळी युरोपात पोलीस, अधिकारी, व्यापारी सगळ्यांकडे तेच असायचं. .३२ ला लवंगी म्हणणाऱ्यांनी त्या काळच्या लोकांना विचारायला हवं होतं.

---

व्यवस्थापक
शनिवार, रात्री १०:४५

१९०९ वर स्वतंत्र धागा काढा, आवडीने वाचू. इथे कॅलिबरवरच राहू या.

---

मास्तर_भौतिक
रविवार, सकाळी ६:५०

निफाडकरांनी 'हातात जड लागते' लिहिलं, त्यावरून एक मुद्दा. २०१४ ला कानपूरहून स्त्रियांसाठी 'निर्भीक' आली, .३२ च, टायटॅनियम मिश्रधातूची, वजन अर्धा किलोच्या आसपास. आणि फिटरदादा जे सेंटर फायर पिस्तूल हातात घेणार ते सव्वा किलोच्या घरातलं. काडतुसाचं नाव तेच. संवेग जवळपास तोच. पण हलकं हत्यार दुपटीहून जास्त वेगाने मागे येतं, आणि हाताला सोसावी लागणारी ऊर्जाही तितक्याच पटीने वाढते. म्हणजे निर्भीक चालवलेली ताई म्हणेल .३२ झोंबतं, आणि मॅचचा नेमबाज म्हणेल .३२ लोण्यासारखं. दोघंही खरं बोलतायत. मी तर म्हणेन कॅलिबरला मिळणारी अर्धी ख्याती हत्याराच्या वजनाची आणि मुठीच्या आकाराची असते.

---

अंबडचा_फिटर
रविवार, रात्री ८:१५

मंडळी, आज चालवलं!

सगळे प्रतिसाद रात्री दोनदा वाचून गेलो होतो. पार्डिनी कंपनीचं .३२. आधी सरांनी चापाला एक किलोचं वजन लटकवून दाखवलं, वजन उचललं गेलं पाहिजे, नियमच आहे तसा. एअर पिस्तूलच्या ५०० ग्रॅमनंतर .२२ चा किलोचा चाप अंगवळणी पडलाच होता, त्यामुळे तिथे नवीन काही वाटलं नाही.

वॉडकटर काडतूस हातात घेतलं तर गोळी दिसतच नाही. नळकांड्याच्या तोंडाशी सपाट. सर म्हणाले ही कागद फाडत नाही, कापते. आणि खरंच! पहिली गोळी गेली, दुर्बिणीतून पाहिलं, प्रेसवर पंच मारल्यासारखं स्वच्छ गोल भोक. ते बघून जो आनंद झाला तो मी सांगू शकत नाही. दिवसभर पंच आणि डायच्या क्लिअरन्सशी झगडणारा माणूस आहे मी.

प्रिसिजनच्या पहिल्या तीन मालिका, ५० पैकी: ४३, ४६, ४७. .२२ वर माझी सरासरी ४७ आहे. धक्का .२२ पेक्षा वेगळा, जास्त म्हणवत नाही. .२२ टोचतं, हे ढकलतं. पण रॅपिडला खरी परीक्षा झाली. हात ४५ अंशात खाली, टार्गेट वळतं, तीन सेकंदांत हात उचलून एक गोळी, मग सात सेकंद थांबा, परत. .२२ ला गोळी सुटल्यावर नेम जागच्या जागी सापडायचा. इथे नळी वर जाऊन येते आणि मनगट ढिलं असेल तर परत येताना डावीकडे सरकते. ३९, ४१, ४०. सगळा ग्रुप डावीकडे, घड्याळातल्या नऊच्या दिशेला.

खाकी ताई, तुमची डमीची युक्ती सरांना सांगितली. त्यांनी लगेच केली. मी दचकत नव्हतो, पण मूठ गोळीगणिक बदलत होतो. .२२ माझी ही चूक माफ करत होतं.

---

स्नेहल_२५मी
रविवार, रात्री ८:४०

वा! अभिनंदन! '.२२ टोचतं, हे ढकलतं' अगदी बरोबर. आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच शोधलंत. सेंटर फायर करून .२२ कडे परत आलेल्यांचा रॅपिड सुधारलेला मी पाहिलाय. मूठ पक्की होते.

---

रांगडा_पंचवटीकर
रविवार, रात्री ९:०५

फिटरभाऊ, ऐकून बरं वाटलं. एक शंका: सेंटर फायरला नियमात मोठं कॅलिबर चालतं ना? मग भोक मोठं तर रेषेला लवकर शिवणार, गुण जास्त. .३८ वाल्याला फायदाच की.

---

गेजब्लॉक
रविवार, रात्री ९:२५

फार छान प्रश्न. ७.६२ ते ९.६५ मिमीपर्यंत चालतं, बरोबर. पण संशयास्पद भोकात जो प्लग गेज (ठरलेल्या मापाची खुंटी) घालतात तो या प्रकारात सगळ्यांना ९.६५ मिमीचाच. .३२ वाल्यालाही तोच. म्हणजे रेषेचा फायदा नियमानेच सगळ्यांना सारखा वाटून दिला. मग उरतो फक्त धक्का, आणि तो .३२ चा सगळ्यात कमी. म्हणून जगभर या प्रकारात .३२ च चालते. आपल्याकडे कायद्यामुळे आली, बाहेर लोकांनी गुणांसाठी स्वतःहून निवडली.

---

तोफची_देवळाली
रविवार, रात्री ९:५०

आणि लक्षात ठेवा, २००६ च्या दोहा आशियाडमध्ये जसपाल राणाने सेंटर फायरमध्ये ६०० पैकी ५९० मारून विश्वविक्रमाची बरोबरी केली होती. तीस प्रिसिजन, तीस रॅपिड, साठ गोळ्यांत फक्त दहा गुण गेले. टपरीवर कोणी लवंगी म्हणालं तर एवढा आकडा सांगा.

---

निफाडकर_द्राक्षवाले
रविवार, रात्री १०:१०

धागा वाचून आज सकाळी कपाट उघडलं. रिव्हॉल्वर साफ केली, तेल दिलं. बुडावर केएफच आहे. इतकी वर्षं आपल्याकडे कमी प्रतीचं काही आहे असं मनात होतं, ते गेलं. पण चाळीस गोळ्यांचा सराव म्हणजे काहीच नाही हेही कळलं. फिटरभाऊ, तुमच्या रेंजवर बाहेरच्या परवानाधारकाला सराव करता येतो का?

---

अंबडचा_फिटर
रविवार, रात्री १०:३०

काका, सरांना विचारून तुम्हाला व्यक्तिगत संदेश करतो. तुमचा परवाना आणि काडतुसांची नोंदवही लागेल एवढं नक्की. मी पुढचे तीन महिने शनिवारी .२२ आणि रविवारी .३२ करणार आहे, दोन्हीचे गुण वहीत लिहून ठेवतोय. रॅपिडमधलं ते डावीकडे सरकणं गेलं की इथे येऊन आकडे टाकतो.

---

स्नेहल_२५मी
रविवार, रात्री १०:३६

वहीत लॉट नंबरही लिहा, विसरू नका.